ताजी चूक, शिळी चूक

लग्नाच्या पंगतीत किंवा सोसायटीच्या सभेत कोणी 'या गणिताच्या बाई' अशी माझी ओळख करून दिली, की समोरचा माणूस आधी जरा मागे सरकतो आणि मग न विचारता कबुली देतो, "माझं गणित फार कच्चं होतं हो." डॉक्टरांना लोक दुखणी सांगतात, मला दहावीचे मार्क सांगतात. मी मान डोलावते. इतक्या उशिरा त्यावर औषध नसतं.

बिबवेवाडीतल्या एका मराठी शाळेत मी निवृत्त होईपर्यंत पाचवी ते सातवीला गणित शिकवलं. लागले तेव्हा मी 'बाई' होते, पुढे 'मॅडम' झाले आणि शेवटी शेवटी 'टीचर'. शिकवण्यात त्याने काही फरक पडला नाही. वर्गातलं रोजचं गणित हा नोकरीचा भाग. जीव रमायचा तो दुपारची शाळा भरण्याआधीच्या तासात. तेव्हा स्पर्धा परीक्षेच्या गणिताचा वर्ग चाले. त्याचं वेळापत्रक नव्हतं आणि हजेरीही नव्हती. ज्याला खाज आहे त्याने यावं.

स्पर्धेचं गणित म्हणजे काय, ते बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. पुस्तकातलं गणित आधी रीत दाखवतं आणि मग त्याच रीतीची ढीगभर उदाहरणं वाढतं, खानावळीतल्या आमटीसारखी. स्पर्धेच्या गणितात रीत दिलेलीच नसते. प्रश्न वाचताना सोपा वाटतो. पेन्सिल टेकवली की कळतं, पाय ठेवायला जागा नाही. मग मूल चित्र काढतं, अंदाज बांधतं, तो फसला की दुसरा बांधतं. परीक्षेच्या दोन फेऱ्या असत. पहिलीत चार पर्यायांपैकी एकावर खूण करायची. दुसरीत कोरे कागद मिळत आणि उत्तरापर्यंत कसे पोचलात ते सगळं लिहून दाखवायचं. पहिली फेरी हुशार मुलांची आणि दुसरी धीट मुलांची, असं मी म्हणत असे.

माझ्या वर्गात 'क्ष'ला बंदी होती. माझं लाडकं उदाहरण असं: मार्केट यार्डाच्या गेटाशी रिक्षा आणि स्कूटर मिळून वीस गाड्या उभ्या आहेत, एकूण चाकं सत्तेचाळीस, तर रिक्षा किती? मोठी माणसं ताबडतोब रिक्षांना क्ष धरतात. पाचवीतल्या मुलाला क्ष भेटलेला नसतो, हे त्याचं भाग्य. ते विचार करतं, सगळ्या स्कूटरच असत्या तर चाळीस चाकं झाली असती. वरची सात आली कुठून? एकेका रिक्षेने एकेक आणलं. म्हणजे रिक्षा सात. क्ष धरलेल्या माणसालाही हेच उत्तर येतं, पण त्याला रिक्षा दिसलेल्या नसतात.

सोमनाथला मात्र जरा जास्तच दिसल्या. त्याचे वडील मार्केट यार्डात हमाल. पोराचं अर्धं आयुष्य त्या गेटाशी गेलेलं. हात वर करून म्हणाला, "बाई, स्टेपनी धरायची का?"

"ती कशाला?"

"स्कूटरला पाठीमागं येक चाक असतंय. रिक्षातबी असतंय. मग सत्तेचाळीस व्हतच न्हाईत की. साठाच्या खाली येतच न्हाई."

मी मनात मोजलं. खरंच येत नव्हतं. तेव्हापासून माझ्या उदाहरणात 'रस्त्याला टेकलेली चाकं' असं आलं आणि सोमनाथ वर्गाचा न्यायाधीश झाला.

त्याच्या न्यायाधीशपणाला काम होतं, कारण आमच्याकडे एक प्रथा होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रत्येकाने आठवड्यातली आपली एक चूक फळ्यावर मांडायची. उत्तर नुसतं चुकलेलं सांगून भागत नसे. ज्या वाटेने गेलो ती पहिल्या पावलापासून लिहायची. बाकीच्यांनी ती वाट नेमकी कुठे वाकडी झाली ते शोधायचं. मग वर्गाने ठरवायचं, चूक ताजी की शिळी. पाढा चुकणं, हातचा विसरणं, घाईत सहाचा नऊ वाचणं, या शिळ्या. त्या आपल्याआधी हजारोंनी केलेल्या असतात आणि त्यांतून काही हाती लागत नाही. विचार करता करता झालेली चूक ती ताजी. ताजीला टाळ्या आणि रंगीत खडू. मतभेद झाला की सगळे सोमनाथकडे बघत. तो डोळे मिटून, आंबा हुंगावा तसा क्षणभर थांबे आणि म्हणे, "ताजी हाय."

पालकांना हे पटवणं सोपं नव्हतं. 'चुकांचा वर्ग' हे नाव ऐकून एक आई म्हणाली, "चुका तर ती घरीच करते, त्यासाठी शाळेत कशाला पाठवू?" गुळाच्या एका व्यापाऱ्याची तक्रार उलटी होती. ते बंद दाराआड हळू आवाजात म्हणाले, "बाई, शिकवा, पण पोराला फार हुशार करू नका. मग गाळ्यावर बसणार नाही." मी त्यांना धीर दिला की तशी काही लक्षणं नाहीत. ते समाधानाने गेले. नंतर जिन्यात थांबून विचार करताना दिसले.

याच सुमारास शाळेत कॉम्प्युटर आले. सगळ्या शहरालाच तेव्हा कॉम्प्युटर चढला होता. ज्या गल्लीत शिवणक्लासची पाटी होती तिथे सॉफ्टवेअरच्या क्लासची लागली. आमच्या उद्घाटनाला पाहुणे आले, नारळ फुटला, एका मॉनिटरला हार घातला गेला आणि 'एकविसावं शतक तुमच्या दाराशी उभं आहे' असं भाषण झालं. पाहुण्यांनी बटण दाबलं तेव्हा लोडशेडिंगची वेळ झालेली होती. शतक दाराशीच उभं राहिलं. नंतर त्या खोलीला कुलूप लागलं, कॉम्प्युटरना फुलाफुलांची झाकणं शिवली गेली आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात गेली. ती खोली आमच्या वर्गाची होती. आम्ही चित्रकलेच्या खोलीत हललो, मातीचा माठ, दोन वांगी आणि घडी न विस्कटलेलं एक फडकं यांच्या सोबतीला. वांगी मेणाची होती, एवढं एक बरं.

गजभिये याच काळात आले. मूळचे नागपूरचे, घरातले पहिले इंजिनिअर, खराडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. कंपनीची बस त्यांना सकाळी उचलून न्यायची आणि रात्री आणून सोडायची. अशा बापाची मुलगी तोवर इंग्रजी शाळेत गेलेली असायची. यांनी तिला आमच्याकडे घातलं. "मी मराठीतूनच शिकलो जी, माझं काय वाईट झालं?" असं प्रवेशाच्या वेळी म्हणाले. मला माणूस आवडला. मुलगी यशोधरा, तेव्हा सहावीत. अक्षर छापल्यासारखं. वहीत खाडाखोड शोधून सापडायची नाही.

पुढे लक्षात आलं की हीच अडचण आहे. गजभिये कंपनीतून गुळगुळीत कागदावर गणितं छापून आणत आणि रात्री जेवण झाल्यावर मुलीकडून सोडवून घेत. चुकलं की रागावत नसत, आवाज चढवत नसत. फक्त कागद बाजूला ठेवून म्हणत, "पुन्हा." यशोधराने पहिली फेरी सहज मारली. दुसऱ्या फेरीत तिने सगळे कागद कोरे परत दिले. पर्यवेक्षकांनी म्हणे उलटून मागच्या बाजूही पाहिल्या.

मी तिला विचारलं, "एक ओळसुद्धा लिहिली नाहीस?"

"खात्री नव्हती, बाई."

"कशाची? उत्तराची?"

"पहिल्या ओळीची."

शनिवारच्या वर्गात ती नेमाने बसे. इतरांच्या चुका सर्वांत आधी तीच शोधे. तिची पाळी आली की उभी राहून सांगे, "माझ्याकडे नाहीये, बाई." मुलं हळहळत. सोमनाथने एकदा तिला आपली एक जादा चूक देऊ केली. तिने सभ्यपणे नकार दिला.

सातवीत तिने पुन्हा पहिली फेरी पार केली, आणि त्याच दिवशी मला येऊन सांगितलं, "बाई, दुसऱ्या फेरीला मी बसत नाही. बाबांना तुम्ही सांगा." सातवीनंतर ही परीक्षा नव्हती. पण मला परीक्षेची काळजी नव्हती. कोऱ्या कागदासमोरून एकदा पाठ फिरवलेलं मूल पुढे आयुष्यभर तयार रस्ते शोधत फिरतं, हे मी पाहिलं होतं. गणिताशी नातं तुटतं ते त्याच वेळी, आणि पन्नाशीत तेच मूल लग्नाच्या पंगतीत येऊन मला कबुली देतं.

यशोधरा दुसऱ्या फेरीला बसायचं नाही म्हणते, येऊन भेटा, असा मी गजभियांना निरोप पाठवला. ते शनिवारी आले. शनिवारी सुट्टी असणारा बाप हे पुण्यात तेव्हा नवीनच होतं; आमच्या शिपायांना वाटलं, नोकरी गेली असावी. वर्ग चालू होता. ते मागच्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबून बसले आणि सगळा प्रकार पाहत राहिले. एका मुलीच्या चुकीला टाळ्या पडल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली. यशोधरा उभी राहिली, "माझ्याकडे नाहीये" म्हणाली आणि वडिलांकडे न बघता खाली बसली.

मुलं गेल्यावर ते म्हणाले, "मॅडम, एक विचारू? चुकीला टाळ्या वाजवल्या तर मुलं बरोबर कशाला करतील?"

माझं उत्तर तयार होतं. अशा पालकांसाठी माझ्याकडे एक छोटं भाषण असे. चुकायला धीर लागतो, चूक हीच खरी शिक्षिका वगैरे. ते मी केलं. भाषणांची मी जन्मभर टिंगल केली, त्यामुळे माझं भाषण आखूड होतं. पण होतं ते भाषणच.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं बरोबर असेल जी," ते म्हणाले. "पण तुमच्या वर्गात चूक फुकट मिळते. आम्हाला नाही मिळाली. माझ्या शाळेत आमच्या वस्तीतून मी एकटा होतो. दुसरा पोरगा चुकला की मास्तर म्हणायचे, देशमुख चुकला. मी चुकलो की गजभिये चुकला असं कोणी म्हणायचं नाही. म्हणायचे, यांचं असंच. माझी चूक माझी एकट्याची कधी नव्हतीच. ती सगळ्यांच्या नावावर जायची."

बाहेर मैदानात मुलांचा आरडाओरडा चालला होता. मी फळा पुसायला घेतला. माझ्या घरात माझ्या चुकांचे किस्से कौतुकाने सांगितले जात. चुकायला धीर लागतो, असं मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले होते. काहींना तो धीर माझ्यापेक्षा कितीतरी महाग पडत असेल, हे माझ्या गणितात कुठे धरलेलंच नव्हतं.

"मग तिला परीक्षेला बसवू नको?" मी एवढंच विचारलं.

"ते मी कुठं म्हटलं?" असं म्हणून ते उठले.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले. या वेळी कोणी बोलावलं नव्हतं. चुका मांडून झाल्या, यशोधराचं 'माझ्याकडे नाहीये' झालं आणि मागून आवाज आला, "मॅडम, मी एक लिहू का?"

मुलांना गंमत वाटली. यशोधराने मान खाली घातली. गजभियांनी खडू घेतला आणि नेटक्या अक्षरात लिहिलं: एक माणूस सायकलने ताशी पंधरा किलोमीटर वेगाने तालुक्याला गेला आणि त्याच रस्त्याने ताशी दहाच्या वेगाने परत आला. तर त्याचा सरासरी वेग किती? खाली त्यांनी सोडवलं: पंधरा अधिक दहा, पंचवीस. भागिले दोन. साडेबारा.

"ही माझी सातवीतली चूक आहे," ते म्हणाले. "स्कॉलरशिपच्या सरावाला केली होती. शोधा."

वर्ग कामाला लागला. कोणी म्हणालं बरोबरच आहे. कोणी म्हणालं येताना चढ असणार. सोमनाथने सामान किती होतं ते विचारलं. गजभिये खडू हातात धरून फळ्याशी उभे. मी मुलांकडे कमी आणि यशोधराकडे जास्त बघत होते. ती फळ्याकडे बघत होती, मग वडिलांकडे, मग परत फळ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आश्चर्य हा शब्द पुरत नाही. घरातल्या भिंतीला खिडकी आहे असं पहिल्यांदाच कळल्यावर माणूस बघेल तशी ती बघत होती.

मग ती उठली. "बाबा, तुम्ही वेळ सारखा धरला."

"म्हणजे?"

"अंतर सारखं आहे, वेळ सारखा नाहीये. समजा, तालुका तीस किलोमीटर. जाताना दोन तास लागले, येताना तीन. तो जास्त वेळ हळू चालवत होता. म्हणजे सरासरी दहाच्या बाजूला सरकणार. साठ किलोमीटर, पाच तास. बारा."

"पण तालुका तीस किलोमीटर कशावरून?" कोणीतरी विचारलं.

"कितीही धर, बाराच येतात. बघ धरून."

मुलांनी धरून पाहिलं. बाराच आले. मग ठरल्याप्रमाणे सगळ्या माना सोमनाथकडे वळल्या. समोर मोठा माणूस उभा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, खराडीला बसने जाणारा. सोमनाथ थोडा बिचकला. पण न्यायाधीशाला बिचकून चालत नाही. त्याने डोळे मिटले.

"ताजी हाय, काका," तो म्हणाला. "लई ताजी हाय. म्यापण हेच केलं असतं."

टाळ्या पडल्या. नेहमीच्याच, दर शनिवारी पडत तशा. मुलांना त्यात विशेष काही नव्हतं. एकीने रीतीप्रमाणे रंगीत खडू नेऊन दिला. गजभियांनी तो घेतला आणि फळ्याकडे तोंड करून जरा वेळ तसेच उभे राहिले, जणू साडेबारा पुन्हा तपासत आहेत.

जिना उतरताना मी त्यांना विचारलं, "तेव्हाचे मास्तर काय म्हणाले होते?"

"काही नाही. 'वाटलंच होतं' म्हणाले." मग थोडं हसून म्हणाले, "यशूला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, मी जन्मतःच बरोबर आहे."

यशोधरा परीक्षेला बसली. निकालात तिचं नाव नव्हतं, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचक सुवर्णपदकाची वाट बघत बसतील. माझ्या वर्गातून पदकं फार थोडी आली. शाळेच्या वार्षिक अहवालात त्या वर्गाला जेमतेम एक ओळ मिळे, आणि कॉम्प्युटर कक्षाला, किल्ली खिशात असूनही, अख्खं पान. आता त्या शाळेच्या मराठी तुकड्या घटत घटत एकेकीवर आल्या आहेत. मध्यंतरी गेले होते. प्रत्येक वर्गात पडदा आहे आणि उत्तर बरोबर आलं की त्यावर फुगे उडतात. चुकलं की काय होतं, असं मी तिथल्या तरुण शिक्षिकेला विचारलं. ती म्हणाली, "काही नाही टीचर, पुढचा प्रश्न येतो." चित्रकलेच्या खोलीत माठ अजून आहे. वांगी गेली.

यशोधराच्या त्या दुसऱ्या फेरीचं केंद्र शहरातल्या एका जुन्या शाळेत होतं. फाटकाबाहेर पालकांची ही गर्दी. कोणी बदाम आणलेले, कोणी लिंबू सरबत, कोणी आदल्या वर्षीच्या प्रश्नांची झेरॉक्स, जणू आत जाऊन बदलून देता येणार होती. गजभिये रजा काढून आले होते. आम्ही दोघं एका स्कूटरला टेकून उभे होतो. मला उगाच स्टेपनी दिसत राहिली.

घंटा झाली. मुलं बाहेर आली तशी पालकांची एकच सरबत्ती सुरू झाली, किती सुटले, किती राहिले, तो कसा राहिला. यशोधरा जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी आली. बोटं शाईने भरलेली, गालावरही एक रेघ. इतकी अस्ताव्यस्त मी तिला कधी पाहिली नव्हती.

'किती सुटले?' हे गजभियांच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं.

तीच म्हणाली, "बाबा, एकाच प्रश्नात अडकले. तीन पानं लिहिली, तिन्ही चुकली. चौथ्या पानावर कुठे वाट सापडायला लागली, तर वेळ संपला. पुढचे बघायलाच मिळाले नाहीत."

आजूबाजूचे दोनतीन पालक करुणेने बघायला लागले. गजभियांनी खिशातून रुमाल काढला, तिच्या गालावरची शाई पुसायला गेले आणि हात मध्येच थांबवला. तशीच राहू दिली.

"ती तीन पानं," त्यांनी विचारलं, "ताजी की शिळी?"

"एकदम ताजी, बाबा."

"मग चल, दाखव," ते म्हणाले, आणि तिथेच रस्त्याकडेला, स्कूटरच्या सीटवर कागदासारखा रुमाल अंथरून, तिचं पेन तिच्यापुढे धरून उभे राहिले.